घसरणीवरचा ठसा

माझी नेमणूक वेल्ह्याच्या वरच्या डोंगरात, जंगलाच्या गस्ती पथकात होती. काम माग काढायचं. मी चौथी शिकलेली, फौजेत कधी नव्हते. पण आमचे प्रमुख किसन हवालदार लष्करातून निवृत्त झालेले होते. सारोळ्याचे. त्यांनी चार माणसांचं पथक फौजेसारखंच चालवलं, म्हणून मीही तसंच लिहिते.

सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे वॉकीटॉकीवर हजेरी. सव्वासहाला गस्त. हवालदार खालून, रस्त्याकडून चढायचे. ते पार्टी वन. मी वरून, धनगरवाड्याकडून उतरायचे. मी पार्टी टू. बाकीचे दोघं पलीकडच्या डोंगरात. दोघांकडे वॉकीटॉकी. दिसेल ते सांगायचं आणि वेळ लिहायची.

माग काढणं मी बापाकडून शिकले, मेंढरं राखताना. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढं नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो. त्याचा ठसा गोल, आणि तळव्याच्या गादीला मागं तीन फुगवटे. तरसाचा पुढचा पाय मोठा, मागचा लहान. साळिंदर गेलं की धुळीत केरसुणी ओढल्यासारख्या रेघा राहतात. एवढं आलं की लोकांना वाटतं, बाईला सगळंच येतं.

हवालदारांनाही तसंच वाटायचं. "मावशी, फौजेत असता तर सुभेदार झाला असता."

"चौथी पास सुभेदार कुठं बघितलाय?"

"मग लान्स नाईक करू. त्याच्या खाली न्हाई."

भादव्यातली गोष्ट. सोमवारी पायवाटेवर मला बिबट्याचा ठसा मिळाला. साफ ठसा. हवालदारांनी वाट बंद केली. धनगरवाड्याचं दूध त्याच वाटेनं डोक्यावरून खाली रस्त्यावर जातं. तिथं साडेसातला टेम्पो येतो. दोन दिवस दूध गेलं नाही. बायकांनी ते वासरांना पाजलं, उरलेलं ओतून दिलं. बिबट्या कुणाला दिसला नाही.

बुधवारी सकाळी ६.४० ला मी वाडीखालच्या उतारावर होते. रात्री पाऊस झाला होता. लाल चिखलात एक ठसा होता. माझ्या मागं वाडीतली सगुणा आणि आणखी दोघी, डोक्यावर दुधाच्या किटल्या घेऊन उभ्या.

"मावशे, तुमचा बिबट्या आमचं दूध पिऊन सुस्तावला का वो?" सगुणा म्हणाली. दोघी हसल्या.

"गप उभी ऱ्हा."

"उभीच हाये की दोन दिस."

मी बसले. चार बोटं, पुढं नखं. गादीच्या जागी पाणी साचलेलं. नखं म्हणजे कुत्रं. पण घसरणीवर मांजरसुद्धा नखं काढतं, हे बापानं मला सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. दहा पावलं खाली जमीन घट्ट होती. तिथं जाऊन पुढचा ठसा बघायला पाहिजे होता. मी गेले नाही. पुन्हा बिबट्या म्हणाले असते तर त्या पुन्हा हसल्या असत्या. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

वॉकीवर हवालदार आले. "पार्टी टू, पार्टी वन. ट्रॅक कसला? ओव्हर."

"कुत्र्याचा. ओव्हर."

"कन्फर्म?"

"कन्फर्म."

"रॉजर. वाट ओपन. आदी मी चढतो, मग बाया खाली. ओव्हर."

बंद वाट उघडली की तिच्यावर पहिला चालणार तो प्रमुख. हा त्यांचा नियम होता.

७.०५ ला पुन्हा आवाज आला. "मावशी, घळीपाशी अजून एक ठसा हाय. हितं जमीन घट्ट हाय. नखं न्हाईत. बसून बघतो."

खाली बसलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो. हे आम्ही दोघं वाडीवाडीत सांगत फिरायचो. पण मी कुत्रं म्हटलं होतं, म्हणून ते बसले.

मी बटण दाबून ओरडले, "बसू नका!" त्यांचं बटण अजून दाबलेलंच होतं. एकानं बटण दाबून ठेवलं की त्याला दुसऱ्याचं ऐकू जात नाही. मी माझं सोडलं तेव्हा ते बोलत होते. "गादी रुंद हाय. मागं तीन..."

मग नुसती खरखर.

आम्ही चौघी पळत सुटलो. सगुणानं दूध तिथंच ओतलं आणि रिकामी किटली दगडानं बडवत पुढं गेली. बिबट्या घळीत उतरून निघून गेला. हवालदार पालथे पडले होते. मानेवर मी माझा पदर दाबून धरला. आम्ही त्यांना उचलून रस्त्यावर आणलं. दुधाच्या टेम्पोतच घातलं. दवाखान्याच्या वाटेवर, विंझर गावाच्या पुढं श्वास थांबला. वेळ ८.१०.

चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "चिखलात असं होतं. कुणीही चुकलं असतं." कुणीही नव्हतं तिथं. मी होते.

तेराव्याला मी कापूरहोळला ST बदलून सारोळ्याला गेले. हवालदारांच्या बायकोसमोर बसले आणि सांगितलं, कुत्रं म्हणाले ती मी.

ती म्हणाली, "बिबट्या हाय हे ते बसायच्या आदी कळलं तुमाला, का नंतर?"

"आदी."

"मग वरडला का न्हाई?"

"वरडले." मी तिला बटणाचं सांगितलं.

"म्हंजी तुमाला त्येंचं ऐकू येत हुतं, आन त्येंना तुमचं न्हाई?"

"व्हय."

"असं कसं आसंल?"

मी पुन्हा सांगितलं. तिला पटलं नाही. यंत्र तसंच असतं हे मला माहीत आहे, पण मलाही पटत नाही.

मी काम सोडलं. वाडीतली माणसं अजून ठसा बघायला बोलावतात. मी जात नाही. दूध त्याच वाटेनं जातं, बिबट्याही त्याच वाटेनं जात असणार.

किसन हवालदार, सारोळे. वय त्रेपन्न. त्यांचा शेवटचा रिपोर्ट अर्धा राहिला, पण बरोबर होता.