आतल्या खोलीचा फोटो

भाड्याने द्यायच्या घरांचे फोटो काढणं हा तिचा धंदा. घरांच्या एजंटपासून जिन्याखालच्या वॉचमनपर्यंत सगळे तिला फोटोबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडत असावं, कारण बेल वाजवून ती स्वतःच सांगायची, "फोटोबाई आलेय, पसारा आवरा." पसारा आवरून होईतो तिची पाठ कोपऱ्याला टेकलेली असायची. सगळे दिवे चालू, कॅमेरा कमरेपर्यंत खाली आणि त्यावर वाइड अँगल झूम. ती लेन्स फिरवून पार रुंद टोकाला नेली की समोरची भिंत मागे सरकायची, फरशी पसरायची, आणि जिथे दोघांना एकमेकांना धक्का न लावता उभं राहता येत नाही तिथे सभा भरवावी असं वाटायचं. "बाईच्या हातात न्हाणीघराचा हॉल होतो," एजंट कौतुकाने म्हणायचा. घर बघायला आलेली माणसं दारातच थबकायची. "फोटोत मोठं वाटलं होतं," असं पुटपुटायची. ते ऐकायला बाई तिथे नसायची.

पिशवीत दुसरीही लेन्स होती, पन्नास मिलिमीटरची प्राइम. तिच्यात झूम नाही. जास्त दिसायला हवं तर आपण मागे सरकायचं, कमी हवं तर पुढे जायचं, आणि मागे भिंत आली की गप्प बसायचं. पण अंधुक उजेडात तिचा हात धरणारी दुसरी लेन्स नाही. संध्याकाळी खिडकीशी बसलेलं माणूस तिने काढावं आणि त्याच्या सख्ख्या आईनेही बघत राहावं. बाईने ती निव्वळ हौसेने घेतली होती. एजंट नाक मुरडायचा. "हिच्यात खुर्ची दिसते, खोली कुठाय?"

तर अशी ही बाई दुसऱ्यांच्या खोल्या फुगवत सुखाने जगत होती, तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, राहायला दुसऱ्या शहरात. बाबा त्याच्याकडे होते. मध्यंतरी बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता ते वॉकर धरून चालत.

"हे बघ छोटे," दादा म्हणाला, "तुझी वहिनी दिवसभर नोकरीवर, मी फिरतीवर. बाबांना एकटं ठेवता येत नाही. इथे म्हाताऱ्या माणसांसाठी एक बरं ठिकाण आहे, तिथे मी जागा धरून ठेवलीये. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"अरे, पण मी म्हटलं होतं ना, माझ्याकडे आण म्हणून! माझं काम असतं सकाळचं. दुपारपासून मी घरातच."

"आणतो ना. पण आधी त्यांच्या खोलीचा फोटो पाठव. वॉकर नीट फिरला पाहिजे. जागा नसेल तर स्पष्ट सांग, उगाच भावनेच्या भरात काही नको."

बाईच्या या घरात दादा कधी आला नव्हता. आला असता तर खोली केवढीशी आहे ते बघून फोटो मागितलाच नसता. पडल्यापासून बाबा फोनवर काहीही विचारलं तरी "बरं आहे" एवढंच म्हणायचे, आणि पुढे नुसता श्वास ऐकू यायचा. पूर्वी हाच माणूस बोलायला लागला की समोरच्याला जांभई द्यायची सोय नसायची. त्या "बरं आहे"ने तिचा जीव तुटायचा. चार परक्या म्हाताऱ्यांत ते तसेच गप्प बसून राहणार, हे तिला सहनच होत नव्हतं. बाबा आपल्याकडे हवेत, बस्स. आणि ते ठरणार होतं एका फोटोवर!

आतल्या खोलीत एक खाट, एक कपाट आणि एक खिडकी. बाईने आधी प्राइम लावली. मागे सरकत भिंतीला टेकली, मग दाराबाहेर गेली, मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला पाठ लावून उभी राहिली. तरी फ्रेममध्ये आली ती अर्धी खाट, खिडकीचा उजेड आणि घडी घातलेलं पांघरूण. फोटो सुरेख होता. बघताक्षणी तिथे जाऊन आडवं व्हावंसं वाटावं असा. पण दादाला फरशी बघायची होती, आणि फरशी त्यात औषधालाही नव्हती. हा बघून तो शनिवारची वाट न पाहताच तिकडे "हो" सांगून मोकळा झाला असता.

मग तिने वाइड अँगल लावली. हात सवयीनेच खाली गेले, पाठ सवयीनेच कोपरा शोधू लागली. खोली अशी पसरली की बाईला स्वतःलाच हेवा वाटला. खाट लांब कुठेतरी पलीकडे, मध्ये फरशीच फरशी.

दोन्ही फोटो समोर ठेवून ती बसून राहिली. चहा निवला. मी काय भिंत पाडली? काही वाढवलं, काही पुसलं? जे आहे तेच तर दाखवतेय, असं तिने मनाला बजावलं. तिने डोळे मिटल्यासारखं करून वाइडचा फोटो धाडला.

दादाचा लगेच फोन. "अगं, केवढी मोठी खोली! मला वाटलं होतं तुझं खुराडं असेल. तिकडची जागा सोडतो मी. आणि ऐक, एवढी जागा आहे तर बाबांचा पलंगही आणतो. त्यांना दुसरीकडे झोप लागत नाही."

बाबांचा पलंग! सागवानी, दोन माणसांचा, उचलायला चार गडी लागायचे. "आण की," ती म्हणाली.

पुढचे दिवस तिचा जीव टांगणीला लागला. शेजारच्या आजोबांचा वॉकर मागून आणून तिने खोलीत फिरवून पाहिला. खाट आणि कपाटाच्या मध्ये तो असा अडकला की मागे घेताना कपाटाला ओरखडा पडला. तिने कपाट एकटीने ढकलत बाहेरच्या खोलीत नेलं, खाट शेजाऱ्यांना देऊन टाकली. तरी पलंग काही मावेल असं दिसेना. दादाला खरं सांगून टाकू म्हणून तिने फोनही लावला. तो "बोल" म्हणाला, आणि हिने विचारलं, "बाबा जेवले का?" एजंटने विचारलं, "बाई, फोटो हलतायत, बरं नाही का?" तिने मान हलवली. आधी हो, मग नाही.

रविवारी दादा आला. आधी टेम्पोतून पलंग, मागून गाडीतून बाबा. बाबांना बाहेरच्या खुर्चीत बसवलं. ते किती वाळले होते! हमालांनी पलंग आत नेऊन जोडला आणि ते भिंतीला अंग घासत, एकेक करून बाहेर आले. मग दादा दारात उभा राहिला. त्याने खिशातून फोन काढला, फोटो उघडला, एकदा त्यात पाहिलं, एकदा समोर.

"हीच ती खोली?"

"हीच."

पलंग आणि भिंतीच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढा बोळ उरला होता. दादाने वॉकर पुढे सरकवून पाहिला. वॉकर दाराच्या आत गेला आणि तिथेच अडकला.

"मला गिऱ्हाईक समजलीस का गं? सख्ख्या भावाला फसवलंस? तिकडची जागा सोडली मी! आता कुठे नेऊ त्यांना?"

"खरा फोटो पाठवला असता," ती म्हणाली, "तर आणलं असतंस?"

दादाने फोन खिशात टाकला. "नसतं आणलं," तो म्हणाला.

"मलाही दाखवला होता याने तो फोटो," मागून बाबांचा आवाज आला. दोघं वळली. बाबा खुर्चीच्या हाताला धरून उठले होते. "म्हटलं, नको. एवढ्या मैदानात मी काय करू? पण हा ऐकतो कुठे! बळंच गाडीत घातलं."

दादा नाही म्हणेल म्हणून तिने ज्या फरशीचा पसारा मांडला, त्याच फरशीला बाबा भ्यायले होते.

"बाबा, थांबा!" दादा ओरडला. "वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय!"

"वॉकर तुझा दारात अडकलाय. काढ तो आधी."

दादाने वॉकर बाजूला केला तोवर बाबा भिंतीला धरून दारापर्यंत आले. चौकट धरली. मग एक हात पलंगाच्या कठड्यावर, दुसरा भिंतीवर. बाई त्यांच्या मागे, दोन्ही हात पुढे केलेले, धरू की नको. एक पाऊल. दुसरं. मध्येच त्यांचा गुडघा लटपटला. तिच्या तोंडून "बाबा!" निसटलं. पण त्यांची पाठ भिंतीला टेकली, मांडी पलंगाला लागली, आणि ते तसेच तोलून उभे राहिले. दम घेतला. पुन्हा निघाले. खिडकीचा गज हाताशी आल्यावरच थांबले, आणि पलंगावर बसले. गुडघे भिंतीला टेकले.

दादा दारातून म्हणाला, "बाबा, असं रोज कसं चालेल? पडलात तर?"

"तुझ्या हॉलमध्ये पडलो तेव्हा धरायला काय होतं रे? चहूकडे नुसती फरशी." बाबांनी हातानेच समोरची भिंत चाचपली, मग बाजूचा कठडा. मग बाईकडे पाहिलं. तिचे हात अजून तसेच पुढे होते.

"हात खाली घे पोरी," ते म्हणाले. "इथे पडायला जागाच कुठाय?"