पॅनेलचं झाकण उघडलं की...

कुठल्याही घराच्या पॅनेलचं झाकण उघडा, आत धूळ, पालीची अंडी आणि एक किस्सा सापडतोच! कुंभकोणमात घर घ्यायच्या आधी लोक आम्हाला वायरिंग तपासायला बोलावतात. आम्ही म्हणजे मी आणि माझा वायरमन सेल्वम. सापडलेला घोळ निस्तरायचं कामही आमचंच. मी मान हलवली की त्या घरात माणसं राहायला येतात, ओल्या हातांनी बटणं दाबतात. म्हणून माझी मान सहजासहजी हलत नाही, आणि किस्से साठत जातात.

*

एका निवृत्त हेडमास्तरांकडे बारीक वायरीवर भला मोठा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. “लहान होता तो सारखा पडायचा. मोठा बसवल्यापासून एकदम शांत!”

“सार, वायर पेटेपर्यंत तो शांतच राहील.”

आम्ही योग्य मापाचा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. “पुन्हा पडतोय!”

“छान! एसी चालू असताना गीझर लावू नका.”

“मग तुम्ही दुरुस्त काय केलंत?”

*

इन्नंबूरला पॅनेलमधून जळका वास येत होता. न्यूट्रलचा स्क्रू सैल. घरच्या मामी आडव्या आल्या. “राहुकाळ आहे. आता कामाला हात लावायचा नाही!”

सेल्वम वैतागला. “मामी, आगीला राहुकाळ कळत नाही.”

“मला कळतो ना!”

मी म्हटलं, “काम सुरू करत नाही, फक्त मेन बंद करतो. बंद करायला राहुकाळ आड येतो का?”

मामींनी नीट विचार केला. “बंद करायला नाही.”

मग राहुकाळ संपेपर्यंत मामी आम्हा दोघांना पंख्याने वारा घालत बसल्या. हातपंख्याने!

*

तिरुनीलक्कुडीला भर उन्हाळ्यात अर्थिंगचं रीडिंग इतकं सुरेख आलं, की सेल्वमला मीटर बिघडल्याचा संशय आला. अर्थिंगचा खड्डा मात्र सापडेना. शेवटी मालकिणीने अंगणातल्या तुळशीकडे बोट दाखवलं. खड्ड्यावरच वृंदावन बांधलं होतं आणि त्या रोज तांब्या तांब्या पाणी घालत होत्या; माती कायम ओली, म्हणून अर्थिंग झकास!

“सार, इथं काही सुधारू नका,” सेल्वम म्हणाला.

*

दोन भावांचं वाटणी झालेलं घर. बोलणं बंद, पॅनेल मात्र एकच. भांडण झालं की थोरला धाकट्याचा एमसीबी पाडायचा. आम्ही तपासलं तर आत वायरींची अदलाबदल! थोरला इतके दिवस स्वतःचाच पंखा बंद करत होता, आणि पंखा थांबला की धाकट्याने सूड घेतला म्हणून आणखी चिडत होता.

त्याला सांगितलं. त्याने धाकट्याच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “दुरुस्त करा. पण दार लावून घ्या. त्याला कळता कामा नये.”

*

आणि आमची अक्का! माझी थोरली बहीण; घरात आम्ही इथली जुनी मराठी बोलतो. तिने घर घेतलं तेव्हा पॅनेल मीच बदललं, आणि करंट कुठे गळला की क्षणात सगळं बंद करणारा आरसीसीबी बसवला. गृहप्रवेशाचा मुहूर्त पहाटेचा. गॅसवर दूध, आता उतू जाणार म्हणून सगळे बघताहेत, आणि लाइट गेले! भटजींनी घाईघाईने गॅस बंद केला.

“दूध उतू जायच्या वेळीं घरांत काळोख!” अक्का माझ्यावर उखडली. “तुझ्या डब्याने माझा मुहूर्त नासला!”

“आरसीसीबी काढून डायरेक्ट करून टाका सार, ओण्णुम आगादु,” आचारी म्हणाला. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसाची मला खरोखर भीती वाटते. मी पॅनेलला पाठ लावून उभा राहिलो.

“कारण सापडेपर्यंत नाही.”

“मी थोरली अहें!”

“अस. तरी नाही.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्काची सून सुधा आली. अनवाणी, पाय ओले, हाताला पीठ. “अत्ते, आचाऱ्याच्या ग्राइंडरास हात लाविला, झटका बसला. तेव्हांच काळोख झाला.”

सेल्वमने ग्राइंडरचा प्लग उपटला. मी आरसीसीबी वर केला, लाइट आले. अक्का सुनेचे हात उलटेपालटे करून बघत राहिली.

गॅस पुन्हा पेटला, दूध उतू गेलं. पहिला पेला देवापुढे ठेवायचा. अक्काने तो उचलला, देवघरावरून सरळ पुढे गेली आणि पॅनेलखालच्या स्टुलावर ठेवला. भटजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. मी सवयीने हात पुढे केला.

“थांब,” अक्का म्हणाली. “आधी ह्यास. तुज मग देतें.”