तीन दगड आणि चुन्याचा अर्धा अंगठा

आधी माझी चूक सांगतो, मग जे घडलं ते. माझे वडील वारले आणि मी ते माझ्या मुलीपासून पंचवीस दिवस लपवलं. नुसतं लपवलं नाही... ते जिवंत आहेत असं तिला रोज भासवलं.

मी धारूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वय त्रेपन्न. भूतखेत, अंगात येणं, करणी — यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि आजही वर्गात मानू नका असंच सांगतो. अडचण एवढीच की माझे वडील पाणाड्या होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रान फिरायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायचा. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. जागा ठरली की अण्णा तिथं तीन दगड रचायचे आणि वरच्या दगडावर तंबाखूच्या चुन्याचा अंगठा उठवायचे. उजव्या अंगठ्याचं अर्धं पेर कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं, त्यामुळे ठसाही अर्धाच उठायचा, एका बाजूने सरळ कापल्यासारखा. पाणी लागलं की पहिला घोट रानाच्या मालकाला द्यायचे. स्वतः सगळ्यात शेवटी.

मला त्या नारळाची लाज वाटायची. माझ्या मुलीला, मुक्ताला, कधीच वाटली नाही. लहानपणी ती अण्णांच्या मागे रानं तुडवायची, आणि पुढे जमिनीखालच्या पाण्याचंच शास्त्र शिकायला आयर्लंडला गेली. निघताना अण्णा तिला म्हणाले होते, "समुद्रात एवढं पाणी, पण पिता येत न्हाई म्हणं. त्याच्या काठाला कुठं गोडं पाणी हाय का, तेवढं बघून ये. न्हाईतर तुझी डिग्री काय कामाची?"

ती हसली होती. पण विसरली नाही.

अण्णा गेले तेव्हा तिचा प्रबंध जमा व्हायला तीन आठवडे होते. मी सगळ्या भावकीला ताकीद दिली — स्टेटसला फोटो नाही, चौकात बॅनर नाही, मुक्ताला फोन नाही. माझी बायको सुनंदा म्हणाली, सांगून टाका. मी म्हणालो, वर्षभराचा अभ्यास वाया जाईल. प्रबंध जमा झाला. सुनंदा म्हणाली, आता तरी सांगा. मी म्हणालो, परत यायला दहाच दिवस आहेत, किनारा फिरायचाय म्हणते, फिरू दे.

ती कुणाच्या प्रश्नासाठी किनारा फिरत होती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझी शाळा सकाळची. रोज दुपारी साडेतीनला घरी तिचा फोन यायचा. तिकडे सकाळचे अकरा. आज अमुक किनारा बघितला, आज वाऱ्याने उभं राहू दिलं नाही, ओहोटीला मैलभर काळे खडक उघडे पडतात... सगळं सांगून झालं की म्हणायची, अण्णांना द्या. मी म्हणायचो झोपलेत. रानात गेलेत. कान फारच गेलेत. एकदा ती हट्टालाच पेटली, तर मी सुनंदाच्या फोनवरचं अण्णांचं जुनं रेकॉर्डिंग दाराआडून लावलं — "जपून राह्य, पोरी." मुक्ता खूश झाली. सुनंदा त्या दिवशी जेवली नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. शाळेतून आलो की चपला काढून अंगणात फेऱ्या मारायचो. सुनंदा विचारायची, अनवाणी कशाला फिरताय? मी पुढच्या फेरीला वळायचो.

तिच्या फिरण्याचा चौथा दिवस. फोटो आला आणि पाठोपाठ फोन.

"पप्पा, सापडलं. भरतीला जे खडक बुडतात ना, त्यांच्या फटीतून गोडं पाणी येतंय. आणि गंमत बघा, तिथं कुणीतरी तीन दगड रचलेत, अगदी अण्णांसारखे. म्हणून तर मी थांबले. म्हातारा मला न सांगता व्हिसा काढून येऊन गेला का, विचारा जरा."

मी फोटो मोठा करून बघितला. वरच्या दगडावर पांढरा डाग. अर्धा. एका बाजूने सरळ कापलेला.

मी म्हणालो, पक्ष्याची घाण असेल. तिने बोटाने पुसून बघितलं.

"चुना आहे, पप्पा. ओला आहे. आणि ही जागा काल रात्री पाण्याखाली होती." "अण्णांना फोन द्या. आत्ता."

थांब म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. अण्णांची चुन्याची डबी तेराव्यानंतर मीच ट्रंकेत ठेवली होती. तेव्हाच आतला चुना वाळून तडकला होता. कुलूप मी लावलेलं, किल्ली माझ्या खिशात. का कोण जाणे, मी ट्रंक उघडली. डबी उघडली. चुना लोण्यासारखा मऊ होता, आणि मधोमध अंगठ्याने उचलल्याचा खळगा... अर्ध्या पेराचा.

मी बाहेर आलो आणि सांगितलं. पंचवीस दिवस झाले म्हणालो. तुझ्या अभ्यासासाठी केलं म्हणालो. कारणं सांगत राहिलो.

तिने एवढंच विचारलं, "मग तो आवाज?"

"जुना होता."

फोन बंद झाला. पुढचे सहा दिवस ती फक्त आईशी बोलली.

तुम्ही म्हणाल, दगड कुणीही रचतं. कबूल. पावसाळी हवेने चुना ओलसर झाला असेल. तेही करून बघितलं — दुसऱ्या डबीत चुना भरून त्याच ट्रंकेत पंधरा दिवस ठेवला. दगडासारखा झाला. गावातल्या कुणाजवळही त्या ट्रंकेची किल्ली नाही, आणि असती तरी आयर्लंडच्या खडकावर कोण जाणार? आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही. शोधायचा प्रयत्नही आता सोडलाय.

मुक्ता आली ती घरात न थांबता आमच्या रानात गेली. अण्णांना जिथं अग्नी दिला तिथं उभी राहिली. मी आणि सुनंदा मागे. तिने पिशवीतून त्या खडकांतल्या पाण्याची छोटी बाटली काढली, झाकण उघडलं, आणि माझ्याकडे न बघता हात माझ्यापुढे केला.

"पहिला घोट मालकाचा."

मी प्यालो. गोडं होतं. बाकीचं तिने हळूहळू जमिनीवर ओतलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. मग ती रडली, आणि सुनंदाने तिला धरलं.

मला वर्गात बोलायची सवय आहे, पण तिथं तोंडातून जे आलं ते घरच्या बोलीतच आलं.

"मुक्ता," मी म्हणालो, "अभ्यासाचं मी उगंच सांगत होतो. मलाच भ्याव वाटत होतं. तुला सांगितलं असतं म्हंजे अण्णा खरंच गेले असं झालं असतं. तुझं रडणं मी अडवून ठिवलं, आन त्यांच्या सवालाचं उत्तर त्यांच्यापतोर जाऊ दिलं न्हाई. लई चुकलो. मला माफ कर."

मग ओल्या मातीकडे बघून म्हणालो, "अण्णा, तुमीबी."