कॉम्प्युटरऐवजी गाडी

कर्णिक मॅडम वर्गात शिरल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "निम्मी मुलं कुठायत?"

पापडीला आमच्या संस्थेची मतिमंद मुलांची शाळा होती. मी तिथे प्रपोजल लिहायचे. प्रपोजल म्हणजे देणगी देणाऱ्या ट्रस्टकडे केलेली रीतसर मागणी. गरज काय, करणार काय, खर्च किती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतला एक ट्रस्ट कॉम्प्युटरसाठी ग्रँट देत होता. आमचे अध्यक्ष लोपीस सर म्हणाले, देतायत तर मागू. मी मागितले. म्हणून ट्रस्टच्या प्रोग्रॅम ऑफिसर कर्णिक मॅडम शाळा बघायला आल्या होत्या.

सरांनी खरं ते सांगितलं. विरारच्या फुलपाड्यातली मुलं यायची बंद झाली होती. लहान होती तोवर आया त्यांना कडेवर घेऊन बस बदलत यायच्या. मुलं वाढली, आयांना उचलवेना. आता ती दिवसभर घरातच असायची.

"मग तुम्हाला गाडी हवीय. कॉम्प्युटर कशाला मागताय?"

"तुम्ही तेच देता म्हणून," मी म्हणाले.

मॅडम रागावल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि मला समजावू लागल्या. कॉम्प्युटर सहज मंजूर होतील. गाडीसाठी त्यांना कमिटीशी भांडावं लागेल. ट्रस्टचे पैसे संपल्यावर गाडी कशी चालणार, हे आधी लिहा.

सरांचा चेहरा उतरला. "दोन्ही गेलं तर, मॅडम?"

"जाऊ शकतं, सर. पण कॉम्प्युटर आले म्हणून फुलपाड्यातलं एक तरी मूल येईल का?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पुन्हा लिही."

मी फुलपाड्यात पालकांना भेटले. डिझेलचा खर्च वाटून घ्यायला ते तयार झाले. सुनंदाताईंची मुलगी कधीची घरी बसली होती. त्या म्हणाल्या, "मुलांना चढवा-उतरवायला माणूस लागेलच ना? मी येते रोज." हे मी जसंच्या तसं प्रपोजलमध्ये घातलं.

कमिटीने नवी गाडी नाकारली, सेकंडहँड दिली. ती पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा सर गेटवर उभे होते. उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांनी नावाने हाक मारली. एकाचंही नाव ते विसरले नव्हते.

आमचं पहिलं प्रपोजल मंजूर करणं मॅडमना सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही, याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते. देणाऱ्याला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्याला काय हवंय ते लिहावं. वेळही कमी लागतो.