रक्ताच्या डब्यातलं मीठ

सत्यवती मालवणहून पहिल्या गाडीने निघायची आणि कुडाळच्या वाटेवरच्या शेतकरी वाड्यांतून माशांची पाटी घेऊन फिरायची. कोणाच्या घरी कोण तापाने पडलंय, हे आरोग्य केंद्राच्या आधी तिला कळायचं. म्हणून २००७ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली योगिनी, माझी जुनी विद्यार्थिनी, गावोगाव ओळख असलेलं माणूस मागायला आली, तेव्हा मी सत्यवतीचंच नाव सांगितलं.

योगिनीचं काम लेप्टोवर, म्हणजे आमच्याकडच्या उंदराच्या तापावर होतं. त्या जंतूची सगळी जनुकं वाचून झाली होती. तो कुठली तीन-चार हजार प्रथिनं बनवतो, त्याची यादी संगणकात होती. लशीला त्यातली मोजकीच हवीत. कुठली? तापातून वाचलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती ठाऊक असतात. त्या पेशी जिवंत मिळवायच्या, त्यांच्यासमोर एकेक प्रथिन ठेवायचं आणि कशाला त्या चवताळतात ते बघायचं. सत्यवतीला हे एकदाच सांगावं लागलं. तिची मुलगी अक्षदा त्याच्या दोन वर्षं आधी भातकापणीच्या मजुरीला गेली आणि नवव्या दिवशी याच तापाने संपली. एकोणीस वर्षांची.

अकरा घरांतली माणसं तिने राजी केली. योगिनीने कुडाळात भाड्याच्या खोलीत पेशी तपासायचं यंत्र मांडलं होतं. नर्सने घरोघरी रक्त काढायचं आणि सत्यवतीने नळ्यांचा डबा तिथे पोचवायचा. थंड ठेव, एवढंच आम्ही सांगितलं. गोठवू नको, हे सांगायचं कोणाला सुचलं नाही. शिकलेल्या माणसांना बर्फातलं काय कळतं? सुरमई लांब पाठवायची असली की सत्यवती बर्फात मूठभर खडेमीठ टाकते, म्हणजे गारठा वाढतो. तिने तेच केलं, आणि जरा सढळ हाताने केलं.

योगिनीने डबा उघडला तर नळ्या दगडासारख्या. वितळल्यावर नुसतं लाल पाणी, सगळ्या पेशी फुटलेल्या. यंत्र चार दिवसांनी परत जाणार होतं. योगिनी म्हणाली, नळ्या वाटेत फुटल्या असं सांगून पुन्हा रक्त मागू. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. सत्यवती मात्र तयार होईना. त्या दारांत तिला रोज जायचं होतं.

तीन दिवस ती पाटी न घेता, खरं काय झालं ते सांगत हिंडली. पाच घरांनी सरळ नाही म्हटलं. काहींनी आता हिचे मासेही नकोत असं सुनावलं. शेवटच्या दुपारी नर्सबरोबर मीही सोबत होते. काशीबाई मरता मरता वाचलेली, म्हणून योगिनीला तिचं रक्त सगळ्यांत जास्त हवं होतं. काशीबाई ओट्यावर काजू सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"आमचां रगात म्हणजे बांगडो वाटलो तुका? मीठ लावन ठेवलंस?"

"मीठ माझ्याच हातान पडलां," सत्यवती म्हणाली. "माझां चेडू वाचलां असतां तर पयलां तेचां रगात दिलंय असतंय. तां वाचाक नाय, म्हणान तुझ्या दारात इलंय."

काशीबाईने चार-पाच काजू आणखी सोलले. मग हाताचा चीक पुसून हात पुढे केला. "लस इली की पयली माझ्या नातवांका," म्हणाली. सत्यवती हो म्हणाली. हो म्हणायचा तिला काही अधिकार नव्हता, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

सहा नळ्या झाल्या. डबा मांडीवर धरून ती कुडाळपर्यंत गेली, आणि वाटेत दर थोड्या वेळाने झाकण उघडून बर्फात बोट घालून बघत होती.

दोन वर्षांनी योगिनीचं पत्र आलं. हजारोंतून नऊ प्रथिनं उरली होती, आता उंदरांवर प्रयोग, मग पुढचं. मी सत्यवतीला वाचून दाखवलं. लस कधी, तिने विचारलं. दहा वर्षं तरी, म्हटलं. तिने पाटी उचलली. पाय दुखतात हल्ली तिचे.

अजून ती काशीबाईकडे जाते. पाटी उतरायच्या आत काशीबाई विचारते, "इली काय गो?"

"नाय गो," सत्यवती म्हणते, आणि बांगडे साफ करायला बसते.