बसला आवाज लावणारे घुमे

घुमे हे त्यांचं आडनाव नाही. ते बस डेपोतल्या लोकांनी ठेवलं, कारण माणूस बोलतो कमी आणि वाजवतो बेस गिटार. दिवसभर गाड्यांच्या वायरी तपासायच्या आणि संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या वाद्यवृंदात ड्रमवाल्याच्या मागे उभं राहून चार जाड तारा छेडायच्या, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. वाद्यवृंदाचे आजवर जेवढे फोटो निघाले त्या सगळ्यांत घुमे आहेत. म्हणजे त्यांचं डावं कोपर आहे.

बेस गिटार हे वाद्य असताना कुणाच्या लक्षात येत नाही. नसलं की लगेच लक्षात येतं, असं जाणकार सांगतात. जाणकारांचं काय जातं सांगायला. डेपोच्या वर्धापनदिनाला पहिल्याच गाण्यात घुमेंच्या गिटारीची वायर निसटली आणि पुढची पाच गाणी ते नुसती बोटं हलवत राहिले. कार्यक्रम संपल्यावर डेपो मॅनेजर मुद्दाम मागे आले, त्यांचा हात हातात घेतला आणि आज तुम्ही कमाल केलीत म्हणाले. घुमेंनी वायर खिशात घातली आणि आभार मानले. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. आपलं वाजवणं एकदा, निदान एकदा तरी कुणीतरी ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या मते हे मागणं काही फार नव्हतं.

घरी तिघं जण. घुमे, त्यांची बायको आणि तिचे वडील. सासऱ्यांना घुमे मामा म्हणत. मामा याच डेपोत तीस वर्षं तिकीट तपासनीस होते आणि त्यांचं खाकरणं सगळ्या मार्गांवर प्रसिद्ध होतं. आधी एक लांब दम, मग घशातून दोन टप्पे आणि शेवटी एक छोटंसं ‘हं’. गाडीच्या मागच्या दारातून ते खाकरले, की पास असलेले लोकसुद्धा तिकीट शोधायला लागायचे. बारा वर्षांपूर्वी नोकरी संपली, ते लेकीकडे राहायला आले, खाकरणं राहिलं. दर चार मिनिटांनी एकदा, घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमाने. घरात ते आता कुणाच्या कानावरही पडत नसे. बारा वर्षं डोक्यावर फिरणारा पंखा कोण ऐकतो?

खुद्द मामांचे कान मात्र रुसले होते. दाराची घंटा, फोन, मुलीचा आवाज, असलं बारीक काही ऐकू येईनासं झालं होतं. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की सगळे आपल्यावर ओरडतात अशी त्यांची तक्रार होती, म्हणून ते कपाटात होतं. गिटारीच्या स्पीकरला लागणारा विजेचा पॉइंट नेमका मामांच्या खोलीत होता. घुमे तिथे खुर्ची टाकून वाजवायला बसले, की मामा खिडकीकडे तोंड करून पेपर वर धरत. बारा वर्षांत त्या वाजवण्यावर ते चकार शब्द बोलले नाहीत. घुमेंनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता.

मग घुमेंच्या हाती ते सॉफ्टवेअर लागलं. मावसभावाने जुना कॉम्प्युटर दिला, त्यात ते आधीपासूनच होतं. त्याचं काम एकच, आवाज दळायचा. एक सूर रेकॉर्ड करून त्यात टाकला, की ते त्याचे कण करतं. एका सेकंदाचे पाच कण करा, नाहीतर पन्नास. मग ते कण ताणा, दाटीने पेरा, उलटे टाका, एकावर एक रचा. नऊ सेकंदांचा सूर नऊ तास चालवता येतो, आणि मूळ आवाज गिटारीचा होता हे गिटार बनवणाऱ्यालाही कळत नाही. घुमे हरखून गेले. सगळ्यात जाड तारेचा एक सूर त्यांनी इतका दळला, की खोलीभर काहीतरी मऊ, जाड, हळूहळू सरकणारं पसरलं. त्यांनी बायकोला बोलावलं. दाताच्या दवाखान्यात आठ तास ड्रिलचा आवाज ऐकून ती नुकतीच आली होती. तिने पाच मिनिटं ऐकलं, चांगलं आहे म्हणाली, आणि सुरू कधी होणार असं विचारलं.

त्याच सुमारास डेपोत विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आल्या. दिसायला देखण्या, पण चालताना आवाज म्हणून नाही. लोकांना गाडी मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता लागेना. अशा गाड्यांना हळू चालताना काहीतरी आवाज हवाच, असा नियम निघाला. कंपनीने गोड घंटी बसवून पाठवली. ती वाजली की रस्त्यातले लोक जागच्या जागी थांबून आपापला फोन बघायचे. मग डेपोने सूचना लावली, कर्मचाऱ्यांपैकी कुणाला आवाज सुचवायचा असेल तर सुचवावा. एका ड्रायव्हरने स्वतःच्या म्हशीचा आवाज दिला. घुमेंनी आपला दळलेला सूर दिला. गाडीचा वेग वाढला की कण पेरणारी खिडकी, म्हणजे त्या क्षणी वाजणारा सुराचा तुकडा, त्या नऊ सेकंदांतून पुढे सरकेल आणि वेग कमी झाला की मागे येईल, अशी जोडणीही करून दिली.

चाचणी डेपोच्या आतल्या रस्त्यावर झाली. गाडी ताशी आठ किलोमीटरने निघाली आणि जे घडलं ते आवाज निवडणाऱ्या समितीने आपल्या अहवालात जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. रस्त्यातली सगळी माणसं एका दमात कडेला झाली. दोघांनी शर्ट आत खोचले. धुण्याच्या हौदापाशी एकाने विडी चपलेखाली विझवली. आणि भाजी घेऊन फाटकातून आत शिरलेल्या एका बाईंनी, त्या कुठल्याही बसमध्ये नसताना, पिशवीतून तिकीट काढून हात वर धरला.

आवाज एकमताने मंजूर झाला आणि पंधरा दिवसांसाठी दहा गाड्यांवर चढला. त्यातली एक चौऱ्याहत्तर नंबरची, घुमेंच्या घराखालूनच जाणारी. घुमेंचे पाय जमिनीवर ठरेनात. ड्यूटी संपली की ते उगाचच चौकात उभे राहत. आपली गिटार येते आहे आणि माणसं बाजूला होताहेत, हे बघत. वाद्यवृंदातल्या गायकाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा पाजला आणि स्वतःहून दोन वाक्यं बोलले. गायक घाबरून प्रकृतीची चौकशी करू लागला.

सोळाव्या दिवशी समितीवरच्या अभियंता मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम तरुण, हुशार आणि कानाच्या तिखट. त्यांनी दार लावून घेतलं.

“तुमच्या गिटारीत कुणीतरी आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी खिडकी एका जागी अडवून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. घुमेंना काहीच ऐकू येईना. हा सूर त्यांनी घरी हजार वेळा ऐकला होता आणि त्यात सुराशिवाय काही नव्हतं, हे ते छातीवर हात ठेवून सांगायला तयार होते. मॅडमनी हेडफोन चढवला आणि तुकडा आणखी मोठा केला. अकरा वेळा घुमेंनी मान हलवली. बाराव्या वेळी ते खुर्चीवरून आपसूक उठून उभे राहिले आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. लांब दम, दोन टप्पे, छोटंसं ‘हं’. सूर रेकॉर्ड होताना मामा खाकरले होते. दळून, ताणून, एकावर एक रचून मामा पंधरा दिवस शहरभर खाकरत होते, आणि बारा वर्षांच्या सवयीने तेवढा एक आवाज घुमेंच्या कानांनी गाळून टाकला होता.

नियमाप्रमाणे दोन्ही आवाज वेगळे करून पुन्हा चाचणी झाली. नुसती गिटार लावली, तेव्हा रस्त्यात बोलत उभे असलेले दोन कंडक्टर तसेच बोलत राहिले आणि गाडी थांबल्यावर तिच्या बंपरवर एकाने पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. नुसतं खाकरणं लावलं, तेव्हा अख्खं आवार रिकामं झालं आणि वरच्या मजल्यावर डेपो मॅनेजरांनी टेबलावरचे पाय खाली घेतले. समितीने निर्णय द्यायला वेळ लावला नाही. खाकरणं ठेवावं, मागची घुंघुं काढून टाकावी. मॅडमना वाईट वाटलं, पण कागदावर आकडे होते आणि आकड्यांपुढे कुणाचं चालत नाही. घुमेंच्या हाती एक संमतिपत्र देण्यात आलं. त्यात ध्वनीचे नाव, ध्वनी काढणाऱ्याचे नाव आणि सदर ध्वनी किती वर्षांपासून काढला जातो, असे रकाने होते. खाली मामांची सही हवी होती.

तीन दिवस घुमे तो कागद खिशात घेऊन फिरले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तो मामांपुढे ठेवला. मामांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“मी खाकरत नाही,” मामा म्हणाले, आणि खाकरले.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती ओट्याकडे तोंड करून, कधीतरी होतं बाबा, असं काहीसं पुटपुटली, जे त्यांना ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. मामांनी कागदाची घडी घातली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी तीस वर्षांत कशावरही सही केली नव्हती. गाडी दाखवा, मग बघू, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडीतल्या आवाजाच्या पेटीत नवा आवाज भरायचं काम घुमेंवरच आलं. वायरी त्यांच्या, पेटी त्यांची. त्यांनी सॉफ्टवेअर उघडलं आणि सुरातून सूर काढून टाकला. बाकी राहिलं ते खाकरणं. इतकी वर्षं लोकांनी आपल्याला ऐकलं नाही ते एक वेळ चालेल, पण आता आपणच आपल्या हाताने आपल्याला पुसतोय, या विचाराने त्यांना भडभडून आलं. पण त्यांनी पेटीचे चारही स्क्रू नीट आवळले. कामात त्यांनी कधी कुचराई केली नव्हती.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन आले. जुने ड्रायव्हर त्यांना बघून विड्या लपवू लागले. मॅडमनी त्यांना रस्त्याच्या मधोमध, गाडीकडे पाठ करून उभं केलं आणि गाडी तुमचाच आवाज करत येईल, ऐकू आला की बाजूला व्हा, असं खुणांनी समजावलं. गाडी चालण्याच्याच वेगाने निघाली. खाकरली. हौदावरचे, फाटकावरचे, कँटीनच्या दारातले, सगळे भिंतीला चिकटले. स्वतः मॅडमही दोन पावलं मागे सरल्या.

मामा उभेच. गाडी जवळ आली, आणखी जवळ आली, खाकरत राहिली. शेवटी ड्रायव्हरने ब्रेक लावला तेव्हा मामांच्या पाठीत आणि काचेत एका हाताचं अंतर होतं. घुमे धावले. मामांनी त्यांना घड्याळ दाखवलं आणि गाडीला इतका उशीर का होतोय, असं विचारलं.

घुमेंनी त्यांना खांद्याला धरून वळवलं. समोर अख्खी बस बघून मामांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला.

“ही मुकी गाडी आहे,” ते म्हणाले. “जावईबापूंचा आवाज कुठे गेला?”

मॅडमनी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं की तुम्हाला गिटार ऐकू येते का.

“तेवढीच येते,” मामा म्हणाले. “बाकी सगळं गेलं. घरात हे वाजवायला बसले, की खिडकीच्या गजावर हात ठेवतो, मग आणखी नीट येते. मधे पंधरा दिवस चौऱ्याहत्तर नंबर खालून गेली, की बसल्या जागी कळायचं, जावई आले.”

मामांनी खिशातून संमतिपत्र काढलं, बसच्या तोंडावर ठेवून सपाट केलं आणि सहीच्या जागेवर स्वतःच्या हाताने अट लिहिली. गिटार आत असेल तर सही. नसेल तर माझं खाकरणं मला परत करा.

कागद मॅडमच्या हातात देताना त्यांना काहीतरी आठवलं. एवढे लोक जमलेच आहेत तर बोलून टाकावं, असा चेहरा करून ते म्हणाले, “हात चांगला आहे यांचा. फक्त तिसऱ्या तारेवर जाताना नेहमी उशीर करतात. बारा वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय.”

घुमे तिथेच, रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडले. तिसऱ्या तारेवर आपल्याला उशीर होतो, हे त्यांना बावीस वर्षं माहीत होतं. पण ते आणखी कुणाला माहीत असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.