तारेभोवतीचा झटका

तेलगावच्या शेतात मी दोन बांबूंमध्ये तांब्याची तार ताणली, तर पहिल्याच दिवशी चुलतीनं तिच्यावर धुणं वाळत घातलं. ती तार गुरू ग्रह ऐकण्यासाठी आहे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझा प्रबंध गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मावर आहे. गुरूचा एक चंद्र ज्वालामुखींतून सतत वायू ओकतो. त्याचे कण विद्युतभारित होतात, गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात आणि त्याच्याबरोबर फिरत राहतात. तो चंद्र त्यातून जाताना जी ढवळाढवळ होते, तिच्या रेडिओलहरी पार आपल्यापर्यंत येतात. वाळूवर लाटा फुटल्यासारखं ऐकू येतं म्हणे. म्हणे, कारण मला दोन वर्षं नुसती टक्‌टक्‌ ऐकू आली. ती काकांच्या झटका मशीनची. रानडुकरं येऊ नयेत म्हणून भुईमुगाभोवतीच्या तारेत ते सारखे झटके सोडतं आणि प्रत्येक झटका माझ्या हेडफोनमध्ये वाजतो.

प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. स्वतःचं एक तरी रेकॉर्डिंग त्यात असावं, एवढीच माझी हौस. गुरूचा तो चंद्र योग्य जागी येईल अशी एकच पहाट उरली होती. तेवढी पहाट मशीन बंद ठेवा म्हणून मी काकांना हात जोडले.

"ठिवतो की. त्यात काय लई मोठं हाय?"

पहाटे हेडफोन लावला, तर टक्‌टक्‌ नेहमीपेक्षा मोठी. माझं डोकंच फिरलं. काका बांधावर खुशीत उभे होते.

"भुईमुगाचं बंद केलंय. पर डुकरं तुझे बांबू पाडत्याल न्हाई का? म्हणून तुझ्या तारंला चारी बाजूनं झटका लावला. मेव्हण्याचं मशीन आणलंय."

"काका, ते पण बंद करा. आत्ताच्या आत्ता."

ते पळत गेले. टक्‌टक्‌ थांबली. मी रेकॉर्डिंग सुरू करते न करते, तोच थ्री फेज लाईट आली. शिवारातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी ऑटोवर, लाईट येताच त्या एकदम सुरू झाल्या. कानात नुसती घरघर. मग उजाडलं, आणि उजाडल्यावर गुरूचं काही ऐकू येत नाही.

डुकरांनी भुईमूग पार उकरून टाकला होता. त्यामुळे मला काकांवर धड चिडताही येईना. प्रबंधात आता दुसऱ्याचं रेकॉर्डिंग लावायचं, खाली त्याचं नाव लिहायचं.

काकांनी हेडफोन मागून घेतला. झालेलं रेकॉर्डिंग डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"यातलं तुझं कोन्तं हाय?"

"काहीच न्हाई, काका."